विष सापडले, विष सापडले नाही

न्यायसहायक विज्ञान शिकवायचे म्हणजे नेमके काय शिकवायचे, हा प्रश्न मराठीच्या अध्यापकांना पडण्याचे वस्तुतः कारण नाही. आम्हांला तो पडला तो भिसेगावातील एका पंधरा वर्षांच्या मुलीमुळे. ती शाळेत जात नाही. घरीच शिकते आणि मुक्त विद्यालयाच्या परीक्षेची तयारी करते. आठवड्यातून दोनदा ती आमच्याकडे मराठी वाचायला येते. एके दिवशी पुस्तक मिटून तिने विचारले, "काकू, मला फॉरेन्सिक शिकायचंय. तुम्ही दोघं शिकवाल?" आमच्यापाशी ना सूक्ष्मदर्शक, ना रसायने. होती ती केवळ कागद वाचण्याची सवय. तेव्हा आम्ही इतिहासापासून आरंभ केला.

आरंभ सोपा होता. जेम्स मार्श याने १८३६ साली सोमलाचा अत्यल्प अंशही पकडणारी चाचणी प्रसिद्ध केली आणि विषप्रयोग करणाऱ्यांचा एक जुना आधार गेला. १८५८ साली विल्यम हर्शेल याने बंगालमधील जंगीपूर येथे एका करारावर कंत्राटदाराच्या हाताचा ठसा घेतला. १८९७ साली कलकत्त्यात अंगुलिमुद्रा विभाग स्थापन झाला. ठशांच्या वर्गीकरणाला एडवर्ड हेन्री याचे नाव मिळाले असले, तरी त्यामागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा भारतीयांचे परिश्रम होते. मुलगी हे सारे आवडीने ऐकत होती आणि तिने एक निष्कर्षही काढून ठेवला होता: माणसे खोटे बोलतात, प्रयोगशाळा खोटे बोलत नाही. हा निष्कर्ष मोडला पाहिजे, असे आम्हांला वाटले. त्यासाठी आम्ही पुण्याचे दोन खटले निवडले.

पहिल्या खटल्याची वाट आमच्या दारावरूनच जाते. रेल्वेने पुण्याहून मुंबईला यायचे तर घाट उतरून कर्जत ओलांडावेच लागते. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे या विधवा बाई त्याच वाटेने मुंबईस निघाल्या. सोबत होता त्यांच्या परिचयाचा डॉक्टर अनंत चिंतामण लागू. मुंबईत एका तज्ज्ञाला प्रकृती दाखवायची, असे ठरले होते. पहाटे गाडी बोरीबंदरला पोहोचली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. लागूने त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल केले, तेही भलत्याच नावाने. मधुमेहाची मूर्च्छा समजून उपचार झाले आणि त्याच दिवशी दुपारपूर्वी बाईंचा मृत्यू झाला. नातेवाइकांना कोणी कळवले नाही. बेवारस ठरलेले प्रेत वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या विच्छेदनासाठी गेले. तेथे मानेवरची एक खूण कोणाच्या तरी लक्षात आली, म्हणून शवचिकित्सा झाली. तोवर दहा दिवस उलटले होते. रासायनिक विश्लेषकाला विष सापडले नाही.

इकडे पुण्यात बाईंच्या नावाने पत्रे येऊ लागली. आपण कोणा जोशींशी पुनर्विवाह केला असून राजस्थानात सुखात आहोत, असा त्यांचा आशय. मधल्या काळात लागू त्यांची मालमत्ता गिळंकृत करीत होता. खून उघडकीस आला तो या पत्रांमुळे आणि या व्यवहारांमुळे. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केली. १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही, दोन विरुद्ध एक अशा बहुमताने, अपील फेटाळले. बहुमताचे निकालपत्र न्या. हिदायतुल्ला यांचे. विष सापडले नाही याचा अर्थ ते दिले गेले नाही असा होत नाही. जाणकार डॉक्टर माग न ठेवणारे विष निवडू शकतो. आणि आरोपीचे आधीचे व नंतरचे वर्तन एकाच दिशेने बोट दाखवते, हा त्यांचा युक्तिवाद. न्या. सरकार यांनी तो मानला नाही. मृत्यू अनैसर्गिकच होता हे सिद्ध झालेले नाही, असे त्यांचे मत पडले.

दुसरा खटला शरद बिरधीचंद सारडा यांचा. १९८२ साली पुण्यात त्यांच्या नवविवाहित पत्नीचा मृत्यू झाला आणि येथे विष सापडले: पोटॅशियम सायनाइड. खालच्या दोन्ही न्यायालयांनी फाशी ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली निर्दोष मुक्तता केली. परिस्थितिजन्य पुराव्याची पाच सूत्रे न्यायालयाने येथे सांगितली आणि त्यांना 'पंचशील' म्हटले. विषप्रयोगाच्या खटल्यात हेतू, विषानेच झालेला मृत्यू, आरोपीजवळ विष असणे आणि ते देण्याची संधी, या चारही गोष्टी पाहाव्या लागतात, असेही नमूद केले. आरोपीजवळ विष असल्याचे सिद्ध झाले नव्हते आणि आत्महत्येची शक्यता उरत होती. ती उरली, कारण मृत स्त्रीने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे. फिर्यादी पक्षाला त्यांत छळ आणि भय दिसले. न्यायालयाला त्यांत खचलेले मनही दिसले.

विष नव्हते तेथे फाशी, विष होते तेथे सुटका. मुलगी बराच वेळ गप्प राहिली. आमच्या विषयाची खरी हद्द येथे सुरू होते, असे आम्हांला वाटते. दोन्ही खटल्यांत प्रयोगशाळेने आपले काम केले, पण निर्णय फिरला तो पत्रांच्या वाचनावर. एकीकडे खोट्या हाताने लिहिलेली पत्रे, दुसरीकडे खऱ्या हाताने लिहिलेली आणि तरीही दोन अर्थांची.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करण्याची तरतूद केली असून ती लागू करण्यास राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे. हे योग्यच झाले. या मुलीच्या पिढीला प्रयोगशाळेत कामे मिळतील आणि मिळावीत. परंतु नमुना कोणी, कधी, कोणत्या नावाने पाठवला, हे अहवालाबाहेरचे प्रश्न विचारण्याची सवय तिला आधी लागावी, एवढीच आमची धडपड. म्हणून आम्ही तिला पंचनामा लिहायला लावतो: आपल्याच अंगणाचा, 'बहुधा' आणि 'वाटते' हे शब्द टाळून. पहिल्या खेपेस तिने 'मांजराने सांडलेले दूध' असे लिहिले. मांजर कोणी पाहिले होते, असे विचारताच तिने स्वतःच ते खोडले.

जाताना तिने विचारले, "मग लागूच्या खटल्यात बरोबर कोण?" आम्हां दोघांपैकी एकाला हिदायतुल्ला पटतात, एकाला सरकार. ते आम्ही तिला तसेच सांगितले, आणि दोन्ही निकालपत्रे तिच्या हाती दिली.