सात रुपये आणि भत्ता : ‘परका मुलूख’ कोणी ठरवायचा?

मंडळी, १८५७ म्हटलं की आपल्याला काडतुसं आठवतात. आठवायलाच हवीत. पण आज आपण त्याआधीची दहा-पंधरा वर्षं पाहू, आणि तीही शिपायाच्या पगाराच्या बाजूनं.

कंपनीच्या बंगाल लष्करातल्या पायदळ शिपायाला महिना ७ रुपये मिळत. त्यातच त्याचं खाणंपिणं आणि त्यातूनच अवध-बिहारातल्या घरी पाठवायचे पैसे. हा मूळ पगार पुढे थेट १८९५ साली ९ रुपये झाला. मग चार पैसे जास्त मिळायचे कुठून? भत्त्यातून. कंपनीच्या हद्दीबाहेर मोहिमेवर गेलं की भत्ता लागू होई.

आता पेच बघा. १८४३ मध्ये कंपनीनं सिंध खालसा केला. म्हणजे कागदावर सिंध ‘परका’ राहिला नाही आणि तिथल्या बंदोबस्ताला जाणाऱ्याचा जादा भत्ता गेला. १८४४ मध्ये ३४ व्या पलटणीनं सिंधला जायला नकार दिला. पलटण मोडण्यात आली. पुढे त्याच क्रमांकाची नवी पलटण उभी राहिली. मंगल पांडे हे या नव्या पलटणीतले.

१८४९ मध्ये पंजाबात तेच झालं. पंजाब जिंकायला शिपाई लढले आणि जिंकल्यावर त्यांचाच भत्ता बंद झाला. १८५० मध्ये अमृतसरजवळच्या गोविंदगड किल्ल्यात ६६ वी पलटण बिथरली. सरसेनापती चार्ल्स नेपियर यांनी ती बरखास्त करून तिचा क्रमांक गुरख्यांच्या पलटणीला दिला. पण महागाईच्या भरपाईत होणारी कपात याच नेपियरनी स्वतःच्या अधिकारात थांबवली. गव्हर्नर जनरल डलहौसींनी त्याबद्दल ठपका ठेवला आणि नेपियरनी राजीनामा दिला. शिपायांची कुरकुर अगदीच निराधार नव्हती, हे यावरून दिसतं.

आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, त्यामुळे शब्दाशी अडतो. ‘परका’ म्हणजे कुणाला परका? कंपनीच्या लेखी नकाशाचा रंग बदलला की मुलूख आपला झाला. अवधच्या शेतकऱ्याच्या पोराला मात्र सिंध तेवढाच लांब राहिला. ऊन तेच, भाषा अनोळखी, धान्य महाग. दोघांच्या व्याख्या वेगळ्या होत्या, आणि पगारपत्रक एकाच्याच हातात होतं.

१८५६ मध्ये अवधही खालसा झालं. ज्याला सिंध ‘आपला’ मान म्हणून सांगितलं होतं, त्याचं स्वतःचं घर आता कंपनीच्या मुलखात आलं. केवळ भत्त्यामुळे उठाव झाला असं आपण म्हणणार नाही. धर्माची भीती खरी होती, जमिनीचे प्रश्नही खरे होते. पण काडतुसाबद्दल सरकारनं दिलेल्या खुलाशावर शिपायाचा विश्वास का बसला नाही, हे समजून घ्यायचं तर पगाराचा हा हिशेब आधी मांडावा लागतो. कारण सरकारी शब्दाचा अर्थ मागाहून बदलतो, हे त्यानं आपल्या ७ रुपयांवर अनुभवलं होतं.