मध्यम फॉरमॅट फिल्म कॅमेऱ्यांची निकट छायाचित्रण साधने

१२० प्रकारची फिल्म वापरणाऱ्या कॅमेऱ्यांनी फूल, कीटक, नाणे अशा लहान वस्तूंचे जवळून छायाचित्र घेण्यासाठी जी जोड उपकरणे वापरली जातात, त्यांना निकट छायाचित्रण साधने म्हणतात. जोडभिंगे, विस्तार नळ्या आणि भाता हे त्यांचे मुख्य प्रकार आहेत. भारतात लोकप्रिय झालेल्या आग्फा क्लिक थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्यात केंद्रीकरण स्थिर असल्याने जवळची वस्तू धूसर येते; ही अडचण दूर करण्यासाठीच ही साधने लागतात.

== जोडभिंगे ==
जोडभिंग मूळ भिंगापुढे बसवतात. २ डायॉप्टरच्या भिंगाचे नाभीय अंतर ५० सेंमी असते; म्हणून मूळ भिंग अनंतावर ठेवल्यास ५० सेंमीवरील वस्तू स्पष्ट दिसते. प्रकाश घटत नाही, ही त्याची मोठी सोय; मात्र साध्या एकेरी भिंगात कडा मऊ येतात.

रोलाइफ्लेक्स, याशिका-मॅट अशा दुहेरी भिंगांच्या कॅमेऱ्यांत वेगळीच अडचण असते. पाहण्याचे भिंग वर आणि छायाचित्र घेणारे खाली असल्याने दोघांना वस्तू वेगवेगळ्या जागी दिसते. रोलाइनार संचात म्हणून वरच्या भिंगासाठी प्रकाशकिरण वळवणारी जोडणी दिलेली असते. मामिया सी मालिकेसाठी पॅरामेंडर नावाचे साधन होते. ते तिपाईवर कॅमेरा दोन भिंगांमधील अंतराइतका उचलते, म्हणजे चौकट पाहून झाल्यावर खालचे भिंग नेमके वरच्याच्या जागी येते.

== विस्तार नळ्या आणि भाता ==
नळीत भिंग नसते. ती फक्त कॅमेरा आणि भिंग यांतील अंतर वाढवते. १९५७ च्या हॅसलब्लाड ५०० सी या कॅमेऱ्यात शटर भिंगातच असल्याने नळीतून यांत्रिक जोडणी जाते. नळी आधी कॅमेऱ्याला आणि मग भिंग नळीला लावायचे. काढताना क्रम उलटा. शटर चढवलेले नसताना घाई केल्यास यंत्रणा अडकते. मामिया आरबी६७ मध्ये केंद्रीकरणाचा भाता मूळ रचनेतच आहे, त्यामुळे काही निकट कामे जोड उपकरणाशिवाय होतात.

भिंग अनंतावर असताना वर्धन म्हणजे वाढवलेले अंतर भागिले नाभीय अंतर. ८० मिमी भिंगाला ८० मिमी विस्तार दिला की एकास एक प्रतिमा मिळते आणि एक्स्पोजर चौपट, म्हणजे दोन स्टॉप, वाढवावे लागते. ५५ मिमीच्या नळीने वर्धन सुमारे ०.६९ आणि गुणक २.८५ होतो. हे गणित चुकल्याचे फिल्म धुतल्यावरच कळते, आणि ६×६ चौकटीत एका रिळावर बाराच छायाचित्रे मिळतात.

चौकट ५६ मिमी रुंद असल्याने एकास एक प्रमाणातही दोन-अडीच सेंटीमीटरचे सोनकीचे फूल निम्म्याहून कमी रुंदी व्यापते. तेवढेच फूल ३५ मिमी फिल्मवर चौकटीचा बराच भाग भरते. मोठ्या फिल्मची ही किंमत बहुधा दुर्लक्षित राहते: वर्धन वाढवावे तसा प्रकाश आणि स्पष्टतेची खोली दोन्ही घटतात, आणि छिद्र फार लहान केल्यास विवर्तनाने तपशील मऊ होतो.

== कर्जत-खालापूर परिसरातील वापर ==
रायगड जिल्ह्याच्या या डोंगराळ भागात पावसाळ्यात व त्यानंतर सोनकी, तेरडा, कवला फुलतात. कर्जत तालुक्यातील माथेरान आणि पेठचा किल्ला, तसेच खालापूर तालुक्यातील इर्शाळगड येथील चढणीवर तिपाई, कॅमेरा आणि नळ्या पाठीवर वाहाव्या लागतात; त्या मानाने जोडभिंगे हलकी आणि पुरेशी ठरतात. झाडीखाली मोजणी अर्धा सेकंद आली, तर एकास एक प्रमाणात दोन सेकंद द्यावे लागतात. एवढ्या दीर्घ एक्स्पोजरला अनेक फिल्मची संवेदनशीलता कमी पडते, त्यामुळे आणखी वेळ वाढवावा लागतो. शिवाय वाऱ्याने फूल डोलले तर सगळा हिशेब वाया जातो.

दमट हवेत चामड्याच्या भात्याला व भिंगांना बुरशी लागते. साधने सिलिका जेलसह कोरड्या डब्यात ठेवतात. १२० फिल्मला धातूची डबी नसून केवळ कागदी पाठ असते, म्हणून रीळ सावलीतच बदलावे आणि वापरलेले रीळ सैल राहू देऊ नये.