चीक टाकू नका: पहिल्या दुधाचा इतिहास

बाळंतिणीचं पहिलं पिवळसर, दाट दूध बाळाला बाधतं, ते पिळून टाका, असं तुम्हालाही कुणी सांगितलं असेल. त्या दुधात काय असतं हे कसं कळलं, ते पाहा.

१८९२ साली पॉल एर्लिख या जर्मन डॉक्टरांनी गुंजेच्या आणि एरंडाच्या बियांतलं विष थोडं थोडं देऊन उंदरांच्या माद्यांना ते पचवायला शिकवलं. मग पिल्लांची अदलाबदल केली. साध्या मादीची पिल्लं या माद्यांचं दूध प्यायली आणि त्यांनाही विष बाधेना! म्हणजे संरक्षण दुधातून येत होतं. १९२२ मध्ये अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ यांनी वासरांना चीक दिलाच नाही, तेव्हा त्यातली बहुतेक दगावली. गाईची प्रतिपिंडं वारेतून वासराकडे जात नाहीत, ती चिकातूनच मिळतात.

आपल्या बाळाला तर ती वारेतूनही मिळतात. मग दूध कशाला? १९६१ च्या सुमारास स्वीडनमध्ये लार्स हॅन्सन यांना दिसलं, की दुधातलं आयजीए हे प्रतिपिंड रक्तातल्यापेक्षा वेगळ्या घडणीचं आहे. ते सहज पचत नाही. आतड्यात जंतूंना चिकटून त्यांना अस्तरात शिरू देत नाही, आणि तेही सूज न आणता. मला ही शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, कारण नवजात आतड्याला सूज झेपत नाही. लॅक्टोफेरिन हे दुसरं प्रथिन लोह धरून ठेवतं आणि जंतूंची उपासमार करतं.

खरवसातून हे मिळेल का? नाही, वाफवताना प्रतिपिंडं निकामी होतात. खरवस चवीसाठी खा. बाळाला मात्र जन्मानंतर तासाभरात आईच्या अंगावर घ्या.