हिऱ्याचा परवाना आणि हाताचा रंग

माझे पणजोबा मुंबईच्या एका कापडगिरणीत त्रासन खात्यात होते. साचेखात्यात मजुरी जास्त होती. पण तिथे अस्पृश्याला प्रवेश नव्हता. धोट्यात नवी कांडी भरली की सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि महाराच्या तोंडाचे सूत सवर्ण कामगाराला चालत नसे. ही बंदी कोणत्याही कायद्यात लिहिलेली नव्हती. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा कुठे त्याला मागण्यांच्या यादीत जागा मिळाली. दक्षिण आफ्रिकेचा इतिहास शिकवताना किंबर्लीच्या हिऱ्यांपाशी आलो की मला हे साचेखाते आठवते. तिथल्या बंदीमागे मात्र सरकार उभे होते, आणि सरकारच्या हातात परवाना होता.

१८६७ मध्ये ऑरेंज नदीच्या परिसरात हिरा सापडला. चार वर्षांत किंबर्लीच्या माळावर हजारो माणसे खणू लागली. आरंभी खणण्याचा परवाना काळ्या माणसालाही मिळे, आणि काहीजण तो घेऊन स्वतःसाठी खणतही होते. गोऱ्या खाणवाल्यांना हे खुपू लागले. काळा माणूस मजूर असला तर त्याच्याजवळचा हिरा चोरीचा ठरवता येतो. तोच परवानाधारक असला तर काय करायचे? जुलै १८७२ मध्ये त्यांनी दंगा केला आणि काळ्यांचे परवाने काढून घेण्याची मागणी केली. स्थानिक अधिकाऱ्यांनी ते परवाने स्थगित केले. गव्हर्नर सर हेन्री बार्कली यांनी ही स्थगिती उठवली.

न्याय झाला, असे कोणालाही वाटेल. पण पुढच्याच महिन्यात जाहीरनामा क्रमांक १४ निघाला. त्याची भाषा काळ्या-गोऱ्याची नव्हती, मालक आणि नोकर यांची होती. नोकराने करार नोंदवावा, पास जवळ बाळगावा. मालकाला त्याची झडती वॉरंटाशिवाय घेता येई. पास नसला तर दंड, सक्तमजुरी किंवा फटके. परवाना हवा असेल त्याने चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणावा. अंमल झाला तो काळ्यांवरच, कारण नोकर म्हणजे काळा हे तिथे सांगावे लागत नव्हते. आपल्याकडेही ‘सफाई कामगार’ या शब्दात जात लिहिलेली नसते. ती वाचणाऱ्याच्या डोक्यात असते.

पुढचे कायदे याच पायावर उभे राहिले. १८८२ च्या हिरे व्यापार कायद्याने कच्चा हिरा बाळगणाऱ्यावरच तो रीतसर मिळवल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी टाकली. ज्यूरीविना खास न्यायालय नेमले आणि शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत नेली. १८८३ मध्ये कामगारांच्या झडतीचे नियम कडक झाले. गोऱ्या कामगारांनी त्याविरुद्ध संप केले. नग्न झडतीतून ते सुटले. काळ्यांची ती चालूच राहिली. १८८५ पासून काळ्या मजुरांसाठी बंदिस्त कंपाउंड आले. करार संपेपर्यंत बाहेर पडायचे नाही. सुटण्याआधी काही दिवस नागडे करून कोंडायचे, हातांत चामड्याचे मोजे अडकवायचे, जुलाब द्यायचा. संशय मातीवर किंवा दगडावर नव्हता, तो शरीरावर होता.

हिऱ्याला किंमत येते ती पैलू पाडल्यावर. दक्षिण आफ्रिकेने १९१९ मध्ये पैलूकामासाठी वेगळा कायदा केला; धंदा सरकारी परवान्याखाली आला. परवाना कारखानदाराने घ्यायचा, पण कसब कोणी शिकायचे? १९२२ च्या उमेदवारी कायद्याने कसबी धंद्यांत शिरण्यासाठी शाळेच्या इयत्तेची अट घातली. काळ्या मुलांना तेवढी शाळाच उपलब्ध नव्हती. १९२४ च्या औद्योगिक समेट कायद्याने पासधारक आफ्रिकी माणसाला ‘कामगार’ या व्याख्येतूनच वगळले. हिरा जमिनीतून काढणारा हात काळा होता, आणि तो त्या हाताला चाकावर धरू द्यायचा नव्हता. श्रमविभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतला फरक बाबासाहेबांनी आपल्याला शिकवला आहे. किंबर्लीत ही दुसरी विभागणी अर्जांच्या आणि दाखल्यांच्या कागदावर उतरली.

वर्णभेदी राजवट १९९४ मध्ये संपली. १९८६ च्या हिरे कायद्यात २००५ मध्ये दुरुस्त्या झाल्या. २००७ मध्ये नवे नियामक मंडळ आणि सरकारी हिरे खरेदी संस्था उभी राहिली. खाणीतल्या मालाचा दहा टक्क्यांपर्यंतचा वाटा विकत घ्यायचा आणि पूर्वी डावललेल्यांना पैलूकामासाठी द्यायचा, हा हेतू. हेतू चांगला, पण तोवर जगातले बहुतेक हिरे सुरतेत पैलू पाडून घेतले जाऊ लागले होते, आणि दक्षिण आफ्रिकेतले पैलूकारागीर वाढण्याऐवजी घटत गेले. दार उघडले तेव्हा आतला धंदाच ओसरत होता. आणि सुरतेत तरी काय? तिथे कसब शिकायला कोणाला कायद्याने बंदी नाही. पण हा धंदा वाढला तो गाववाल्याने गाववाल्याला, नातलगाने नातलगाला चाकावर बसवून. ज्याचा नातलग आत नाही, त्याला आत नेणार कोण?

म्हणून परवाना हा शब्द दिसला की आपण नुसते कलम वाचून थांबू नये. मी विद्यार्थ्यांना एक काम देतो. आपल्या तालुक्यातल्या कोणत्याही परवान्याचा किंवा ठेक्याचा अर्ज आणा आणि त्याच्या अटी घरी मोठ्याने वाचा. गेल्या वर्षी एका मुलीने असा अर्ज आणला. तिचे वडील वीस वर्षे खडीच्या खाणीत दगड फोडत आहेत. अर्जात अनुभवाचा दाखला मागितला होता, आणि तो द्यायचा होता खाणमालकाने. ती म्हणाली, “सर, दगड माझ्या बापानं फोडले, पण अनुभव मालकाचा लागतो.” त्या दिवशी जाहीरनामा क्रमांक १४ मला वेगळा शिकवावा लागला नाही.