आल्प्समधील हिमस्खलनापासूनच्या संरक्षणाची परंपरा

डोंगरउतारावर साचलेला बर्फ एकाएकी सुटून खाली कोसळणे म्हणजे हिमस्खलन. या संकटाशी स्वित्झर्लंडच्या पर्वतवासीयांनी दिलेल्या झुंजीचा इतिहास जंगलापासून सुरू होतो. आंडरमाट गावाने १३९७ मध्ये वस्तीच्या माथ्यावरील वनात वृक्षतोडीस बंदी घातली, कारण उभी झाडे बर्फाला जागीच धरून ठेवतात, हे ग्रामस्थांनी अनुभवातून ओळखले होते. एकोणिसाव्या शतकात वनाधिकारी योहान कोआझ यांनी हिमस्खलनांच्या पद्धतशीर नोंदी केल्या आणि जेथून बर्फ सुटतो तेथेच दगडी बांध घालून तो अडवण्याच्या उपायाला चालना दिली. दावोसजवळच्या वाइसफ्लूयोख येथे १९३६ पासून बर्फाच्या थरांचा शास्त्रीय अभ्यास होऊ लागला. १९५०-५१ च्या हिवाळ्यात देशात ९८ जणांचे प्राण गेल्यावर पोलादी अडसर आणि धोकादर्शक नकाशे यांना वेग आला. स्कीपटू व गिर्यारोहक आज ज्या पाच पातळ्यांच्या धोकाश्रेणीवर विसंबतात, ती युरोपने १९९३ मध्ये स्वीकारली. स्वित्झर्लंड व ऑस्ट्रिया यांच्या या ज्ञानपरंपरेला युनेस्कोने २०१८ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून दिलेली मान्यता सर्वस्वी उचित आहे, कारण पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण आणि विज्ञान यांच्या मिलाफातूनच पर्वतातील जीवन सुरक्षित झाले आहे.