डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी+आर : दोन प्रमाणके एकत्र कशी टिकली?

प्रमाणकांच्या स्पर्धेचे उदाहरण म्हणून बहुतेक पुस्तके व्हीएचएस आणि बीटामॅक्स यांची कथा सांगतात. दोन प्रकार बाजारात आले, एक टिकला, दुसरा संपला. रेकॉर्ड करता येणाऱ्या डीव्हीडीच्या बाबतीत मात्र दोन्ही टिकले. का, हे कळण्यासाठी कोऱ्या चकतीकडे जरा बारकाईने पाहावे लागते.

केवळ वाचता येणारी डीव्हीडी १९९५ मध्ये अनेक कंपन्यांच्या सहमतीने ठरली होती. लिहिण्याच्या प्रश्नावर ही सहमती मोडली. १९९७ मध्ये पायोनियरची डीव्हीडी-आर आली. ती एकदाच लिहिता येई आणि क्षमता होती ३.९५ जीबी, पुढे ती ४.७ झाली. तिला डीव्हीडी फोरमची मान्यता होती. पुसून पुन्हा लिहिण्यासाठी याच फोरमने डीव्हीडी-रॅम आणि डीव्हीडी-आरडब्ल्यू असे आणखी दोन प्रकार आणले. दुसरीकडे सोनी, फिलिप्स, एचपी, रिको, यामाहा आणि मित्सुबिशी केमिकल यांनी वेगळी चूल मांडली. यातले सोनी आणि फिलिप्स फोरमचेही सदस्य होते, ही गंमत लक्षात ठेवा. त्यांची ४.७ जीबीची डीव्हीडी+आरडब्ल्यू २००१ मध्ये आणि डीव्हीडी+आर २००२ मध्ये बाजारात आली. फोरमने त्यांना डीव्हीडीचे अधिकृत बोधचिन्ह दिले नाही, म्हणून त्या चकत्यांवर नुसते ‘आरडब्ल्यू’ असे वेगळे चिन्ह दिसे.

आपण सर्रास ‘मायनस आर’ म्हणतो, पण ते चिन्ह मुळात वजाबाकीचे नाही, साधी जोडरेघ आहे. समोर ‘प्लस’ उभा राहिल्यावर बिचारी ‘मायनस’ झाली.

आता मुख्य मुद्दा. कोऱ्या चकतीवर माहिती नसते, मग आपण नेमके कुठे आहोत हे लेझरला कसे कळणार? उत्तर दोन्हीकडे एकाच जागी आहे. चकतीवर आधीच एक सर्पिल खोबण असते आणि ती किंचित नागमोडी असते. डीव्हीडी-आरमध्ये ही नागमोड सुमारे १४०.६ किलोहर्ट्झची असून तिच्यावरून फक्त गती कळते. पत्ता मात्र दोन खोबणींमधल्या पट्टीवर आधीच पाडलेल्या बारीक खळग्यांतून वाचावा लागतो. खळग्याचा संकेत अगदी क्षणभर येतो, त्यामुळे वेग वाढला की तो गोंगाटात हरवण्याची भीती असते. डीव्हीडी+आरने खळगे काढून टाकले. तिची नागमोड सुमारे ८१७.४ किलोहर्ट्झची, आणि ठरावीक ठिकाणी तिची कला उलटवून पत्ता त्या नागमोडीतच लिहिलेला असतो. तो अनेक आवर्तनांत पसरल्याने गोंगाटाला चांगला तोंड देतो. शिवाय लिहिणे मध्येच थांबवून नेमक्या त्याच ठिकाणी पुन्हा सुरू करणे सोपे जाते. अभियंता म्हणून मला दुसरी रचना अधिक सुबक वाटते.

ग्राहकाचा प्रश्न वेगळाच होता : ही माझ्या घरच्या प्लेअरवर चालेल का? तिथे डीव्हीडी-आर आधी आल्याचा फायदा तिला मिळाला. प्लस गटाने यावर एक युक्ती काढली. चकतीचा प्रकार सांगणारी नोंद बदलून ती साधी डीव्हीडी-रॉम असल्याचे प्लेअरला भासवता येई. क्षमतेतला फरक नगण्य होता : ४,७०,७३,१९,८०८ बाइट विरुद्ध ४,७०,०३,७२,९९२ बाइट. (संगणकावर ही चकती ४.३८ जीबीची दिसते ते १०२४ च्या हिशोबामुळे, चोरीमुळे नव्हे.) खरा भुर्दंड पडला तो घाई करणाऱ्यांना. २००१ चे पहिले डीव्हीडी+आरडब्ल्यू ड्राइव्ह नंतर आलेल्या डीव्हीडी+आर चकत्यांवर लिहूच शकत नव्हते.

कोंडी फुटली २००२ च्या शेवटी. सोनीने दोन्ही प्रकारांवर लिहिणारा ड्राइव्ह बाजारात आणला. व्हीएचएस आणि बीटामॅक्सच्या कॅसेटचे आकारच वेगळे होते, एक यंत्र दोन्ही गिळू शकत नव्हते. इथे चकतीचा व्यास तोच, ६५० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल लेझर तोच, माहितीची सांकेतिक मांडणीही तीच. फरक मुख्यतः पत्ता वाचण्याच्या आणि लिहिण्याच्या पद्धतीत. तो चिपमध्ये सामावणे फारसे महाग नव्हते. लवकरच इतर कंपन्यांचेही असे ड्राइव्ह आले. कोऱ्या चकत्या बनवणाऱ्यांनीही दोन्ही बाजू सांभाळल्या. नोएडाची मोझर बेअर ही त्यांतलीच एक. दोन थरांची ८.५ जीबीची डीव्हीडी+आर २००४ मध्ये आणि तशीच डीव्हीडी-आर २००५ मध्ये आली, तोवर ड्राइव्ह विकत घेताना प्लस की मायनस हे विचारण्याची गरज उरली नव्हती.