चिखलातली शर्यत

शर्यत म्हटली की आपण विचारतो, पहिला कोण आला? क्रॉसकंट्री शर्यतीत मात्र आणखी एक प्रश्न महत्त्वाचा असतो. तुमच्या संघाचा शेवटचा गडी कितवा आला? पन्नाशी ओलांडूनही पावसाळ्यात चिखल तुडवत धावणाऱ्यांना हा दुसरा प्रश्न फार जवळचा वाटतो.

हा खेळ मूळचा इंग्लंडचा. १८६८ साली लंडनमध्ये 'टेम्स हेअर अँड हाउंड्स' हा क्लब निघाला. नदीत होड्या वल्हवणाऱ्या मंडळींना हिवाळ्यात व्यायाम हवा होता. एक-दोघांनी ससा व्हायचं, कागदाचे कपटे टाकत पुढे पळायचं आणि बाकीच्यांनी शिकारी कुत्रे होऊन माग काढायचा. वाटेत शेतं, ओढे, कुंपणं आणि चिखल. अशा खेळांतूनच पुढे ही शर्यत रुजली. दर ठिकाणची जमीन वेगळी, म्हणून इथे घड्याळापेक्षा क्रमांकाला मोल. संघातल्या ठरावीक धावपटूंच्या क्रमांकांची बेरीज करतात. ज्याची बेरीज कमी, तो संघ जिंकतो. मागचा गडी वाटेत बसला, तर पुढच्यांची मेहनत पाण्यात!

१९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमका हाच प्रसंग आला. त्या दिवशी चिखल नव्हता, भाजून काढणारं ऊन होतं. ३८ जण धावायला उभे राहिले, पोहोचले अवघे १५. फिनलंडचा पावो नुर्मी पहिला, विले रिटोला दुसरा. पण सांघिक सुवर्णासाठी तिसरा माणूस हवा होता. तो हायकी लीमाटायनेन उन्हानं इतका भोवंडला होता, की शेवटची रेषा थोडक्यावर असताना थांबला. अखेर तो कसाबसा पाय ओढत बारावा आला आणि फिनलंड जिंकलं. त्यानंतर ऑलिम्पिकमधून ही शर्यतच काढून टाकली.

आपल्याकडे तर अनवाणी धावणारे शेतकरी होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत सर दोराबजी टाटांनी ते पाहिले आणि त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला संघ पाठवण्याची कल्पना पुढे आली. त्या संघातले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. त्यांना पदक मिळालं नाही, पण त्यांनी वाट पाडली.

आमच्या ठाणे जिल्ह्यालाही चिखल नवा नाही. हाजी मलंगच्या पायथ्याशी असलेल्या भातखाचरांत आषाढात चिखलणी होते. साठीचा शेतकरी पायाची बोटं रोवून, आखूड पावलं टाकत सहज चालतो. चिखलात धावायची युक्तीही तीच. लांब ढांग टाकली की पाय घसरतो. पाय रुतला की तो उपसून काढण्यातच निम्मी ताकद जाते. तरुण गडी जोरावर पुढे जातो, वय झालेला माणूस अंदाजावर. ज्येष्ठांच्या जागतिक स्पर्धा १९७५ साली टोरांटोत सुरू झाल्या. आता तिथे पस्तिशीपासून पाच-पाच वर्षांचे गट असतात, म्हणजे साठीच्या माणसाला पंचविशीच्या पोराशी झुंजावं लागत नाही.

ठाण्यात पाऊस आणि धावणं यांची सांगड वर्षा मॅरेथॉननं घातली. २०१९ साली तिचं तिसावं वर्ष झालं आणि खंडानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये ती पुन्हा झाली. पण ती डांबरी-काँक्रीटच्या रस्त्यावरची. कल्याण-डोंबिवलीत तर खाचरं बुजवून इमारती उभ्या राहिल्या. धावायला मातीच उरली नाही, तर गुडघ्यांनी काय करावं? कठीण रस्त्यावर दणके बसतात, ओल्या मातीत ते कमी होतात, हे धावणाऱ्याला पायच सांगतात.

म्हणून प्रत्येक शहरानं एखादी मातीची वाट राखावी, आणि पावसाळ्यात तिथे एक शर्यत घ्यावी. संघात एक जागा साठीच्या माणसासाठी ठेवावी, आणि त्याचा क्रमांक बेरजेत धरावा. मग पोरं पहिली आल्यावर घरी निघून जाणार नाहीत. त्या म्हाताऱ्याची वाट पाहत ती दोरीपाशी उभी राहतील.